बाटलीत न आलेली दाढ

दंतवैद्यकात एमडीएस करत असताना ओपीडीतल्या माझ्या टेबलावर औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या दाढांची एक मोठी बाटली असायची. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या दवाखान्यांत काढलेल्या दाढा मी मागून आणायची, मेणात रोवून त्यांचा त्रिमितीय स्कॅन करायची आणि मुळांतल्या नळ्या शोधायची. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या बऱ्याचदा चार. ही चौथी साध्या एक्स-रेत शेजारणीच्या मागे दडून बसते. मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते, आणि मला त्यात भलती मजा यायची.

आमच्या ओपीडीत दाढ वाचवायला मात्र फार कुणी येत नसे. पहिली शिफ्ट सुटली की लोक कंपनीच्या गणवेशातच यायचे. रूट कॅनालला, म्हणजे नळ्या साफ करून भरून घ्यायला, पुन्हा पुन्हा यायचं तर सुट्टी कोण देणार? काढली की एका फेरीत काम तमाम. लोकांवर रागावून उपयोग नव्हता, म्हणून मी शिफ्टवर रागवायची.

निघोज्याच्या एक ताई अशाच आल्या. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत कामाला, वय चाळिशीच्या आतलं. वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल आधीच कुठेतरी झालेलं, तरी ठणका थांबत नव्हता. डावीकडच्या दाढा पूर्वीच काढून झालेल्या. चावायला उरली होती ती हीच बाजू.

"काढून टाका म्याडम," ताई म्हणाल्या. "आमी भाकरी कुस्करून खाऊ. म्हातारपणी खायाचीच हाय, आत्तापासून सुरू करू."

मला शिकवणाऱ्या सरांनी एक्स-रे उजेडात धरला. "भरलंय तर नीट. तरी दुखतंय म्हणजे मूळ तडकलं असणार. काढ, आणि टाक तुझ्या बाटलीत. अभ्यासाला एक वाढेल."

ताईंनी बाटलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला दाढा कमी पडत होत्या, हे खरंच होतं. पण या बाईंनी आत्तापासून कुस्करा खायचा, हे मला सहन होईना.

"सर, तोंडात आहे तोवर स्कॅन करू द्या."

"तुला जिथं तिथं चौथी नळीच दिसते."

"असली तर दिसणारच ना, सर."

स्कॅनमध्ये मुळाचा आडवा छेद पाहिला. भरलेल्या नळीचा पांढरा ठिपका मधोमध हवा होता, तो गालाकडे सरकलेला होता. उरलेल्या जागेत एक बारीक काळा ठिपका, म्हणजे भरायची राहून गेलेली चौथी नळी. मी सरांना हाक मारली ती जरा मोठ्यानेच.

"उद्या परत सुट्टी न्हाई हं," ताई म्हणाल्या.

"उद्या बोलावतंय कोण? आजच करते."

मायक्रोस्कोपखाली दाढेचा तळ मी थोडा थोडा खरवडत गेले. बराच वेळ काहीच लागेना. सर मागे हाताची घडी घालून उभे. पण स्कॅन मी स्वतः वाचला होता आणि माझा त्यावर विश्वास होता. मग फाइलचं, म्हणजे नळी साफ करायच्या बारीक सुईचं, टोक जरासं अडकलं आणि अलगद आत गेलं. सर "शाब्बास" म्हणाले आणि चहाला निघून गेले.

काही महिन्यांनी ताई तपासणीला आल्या. ठणका गेला होता, एक्स-रेही छान आला. नंतर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला, कडक भाकरीचा तुकडा मोडला, शेंगदाण्याच्या चटणीला लावला आणि उजवीकडून कडाकडा चावला. मी दारातून बघतच राहिले. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही झाला नव्हता.

"बघताय काय?" दारातून आत दिसणाऱ्या माझ्या टेबलावरच्या बाटलीकडे हनुवटीनं खूण करत त्या म्हणाल्या. "ही न्हाई मिळायची तुमाला."