घुम्या देणगी मागायला जातो

रुग्णांना व्हीलचेअर उसन्या देणाऱ्या संस्थेत घुम्या खुर्च्यांची देवघेव पाहायचा. आईवडिलांनी नाव वेगळं ठेवलं होतं, पण तोंडाला कुलूप घालून फिरणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? संस्थेची तिजोरी रिकामी होत आली, तेव्हा साहेबांनी एक प्रशिक्षक बोलावला. त्याने ढीगभर प्रश्न विचारून सगळ्यांचे स्वभाव ठरवले आणि प्रत्येकाला एकेका प्राण्या-पक्ष्याचं नाव दिलं. देणग्या आणण्यात सिंह आणि मोर पटाईत, कबुतरं बरी, घुबडांनी ऑफिस सोडून हलू नये. घुम्या घुबड निघाला.

"त्यासाठी परीक्षा कशाला?" बायको म्हणाली. "मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

पण एकुलता एक मोर जास्त पगारावर दुसरीकडे उडाला, आणि सिंह, म्हणजे खुद्द साहेब, कंबर धरून अंथरुणाला खिळले. महिनाअखेर देणगी आली नाही, तर संस्थेला टाळं. होजिअरीचा कारखाना विकून घरी बसलेल्या एका बाईंची भेट ठरलेली होती. घुबडालाच जावं लागलं.

दात काढायला आल्यासारखा तो बाईंच्या सोफ्याच्या काठावर टेकला. पाठ केलेलं भाषण तो दारातच विसरला होता.

"बोला."

"हो."

"काय हो? खुर्च्या किती आहेत तुमच्याकडे?"

"कागदावर दोनशे. गोदामात साठ."

"बाकीच्या?"

"लोकांकडे. पेशंट बरा होतो, खुर्ची तिथेच राहते. एकीवर तर आता कुंड्या ठेवल्यात."

"मग परत का आणत नाही?"

मोराने इथे पिसारा फुलवला असता. घुम्या खरं बोलून बसला. "ते काम माझ्याकडेच आहे. लोक चहा देतात, चौकशी करतात. मग मला मागवत नाही."

बाई पोट धरून हसल्या. "उसनी खुर्ची मागवत नाही, आणि माझ्याकडे पैसे मागायला आलात?"

"मी येत नव्हतो. पाठवलं."

"आयुष्यभर उधाऱ्या वसूल केल्या मी. आता दिवसभर भिंतींवर डाफरते. वर्षाचा खर्च मी देते. पण वसुली माझ्याकडे, आणि तुम्ही मध्ये तोंड उघडायचं नाही."

इतकी सोपी अट त्याला आजवर कुणी घातली नव्हती. खिशातले पत्ते आणि फोन नंबर त्याने भराभर काढून दिले.

जिन्यात आल्यावर पायरीवर बसून त्याने बायकोला फोन लावला.

"मिळाली."

"काय बोललास असं?"

"फारसं नाही."

"तरीच."

वर दार उघडंच होतं. बाईंचा आवाज जिनाभर घुमत होता. "कुंड्या उतरवा आणि खुर्ची उद्या सकाळी पोचवा. नाही, चहा नको."