दारातला सेक्रेटरी

बुधवारा बाजाराजवळच्या कंपनीच्या मोठ्या दुकानात शिरलं की हा दरवान दारातच हात पुढे करायचा. "भाऊ, थैली इथं." थैली ठेवून घेऊन टोकन द्यायचा. इतक्या वर्षांत ओळखीचं हसू म्हणून नाही. एकदा माझं टोकन हरवलं, तर दुकान बंद होईपर्यंत मला स्टुलावर बसवून ठेवलं, जसं काही कधी पाहिलंच नव्हतं.

यंदा दुकानातल्या कामगारांनी युनियन केली आणि याला सेक्रेटरी केलं. कंपनीने कोर्टातून मनाई हुकूम आणला: युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी दुकानाच्या दारात उभं राहायचं नाही. सेक्रेटरी नोकरी कसली करतो, हे कंपनीच्या इंदूरच्या वकिलाने विचारलं नसावं.

हुकूम ऐकून हा रस्ता ओलांडून लिंबाखाली जाऊन उभा राहिला. मॅनेजर धावत आला. "अरे, ड्युटी सोडली तर नोकरी जाईल तुझी!"

"आणि हुकूम मोडला तर जेल होईल ना, साहेब."

आता थैल्या मॅनेजर सांभाळतो. परवा त्याने माझी दुसऱ्यालाच देऊन टाकली. म्हणून काल मी नवी थैली लिंबाखाली याच्याकडेच ठेवली आणि सवयीने टोकन मागितलं.

"टोकन कंपनीचं आहे, भाऊ," तो म्हणाला. "मी तर तुम्हाला ओळखतो."