मुंगी दिसेल अशी फरशी

आमच्या चंदनाआक्काला निपाणीच्या बाजारात ओळखीचं माणूस समोर येऊन उभं राहिलं तरी कळत नसे. डोळे तिचे चांगले होते, पण चालताना ती कायम खाली बघायची. पायाखाली जीव सापडू नये म्हणून. माणसं ती पावलांवरून ओळखायची. आधी पाय बघून "कवा आलासा?" म्हणायची आणि मग वर बघून खात्री करून घ्यायची. नात्यानं ती माझी चुलती, पण सगळं घर तिला आक्का म्हणे. तिचे यजमान भूपालआण्णा तंबाखूचे मोठे व्यापारी. मी त्यांच्या वखारीत बसत होतो, त्यामुळं फरशीचा सगळा घोळ मी डोळ्यांनी पाहिला. आण्णांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता, तो मी इथं लपवणार नाही.

जुन्या घराची जमीन शेणानं सारवलेली. तिला भेगा, आणि भेगांतून मुंग्या. आक्का रोज सकाळी त्यांच्या बिळापाशी पीठसाखर घालायची, त्यामुळं मुंग्यांनाही दुसऱ्या घरी बिऱ्हाड हलवायचं काही कारण उरलं नव्हतं. आक्काला आयुष्यात एकच हौस होती. ना दागिन्याची, ना लुगड्याची. आपल्या घरी मुनिमहाराजांचा आहार व्हावा, एवढीच. आमचे दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, ओंजळीत घेऊन. ते गावात आले की श्रावकांच्या घराघरांत सोवळ्यानं स्वैपाक होतो, नवराबायको हातात कलश घेऊन दारात उभी राहतात, आणि महाराज ज्यांच्या दारी थांबतील त्यांचं भाग्य. आक्काच्या दारी एकदा महाराज थांबले होते. पण उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. महाराजांनी ती पाहिली आणि ते मागं फिरून पुढच्या घरी गेले. आक्का त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा तिनं खोल्या किती, खिडक्या किती, काही विचारलं नाही. "जिमीन अशी घाला की मुंगी दिसली पायजे," एवढंच म्हणाली. हे साल दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदलं. गवंडी गुंडू म्हणाला, शहाबादी घाला, पिढ्यान्‌पिढ्या हलायची नाही. आक्का म्हणाली, त्या काळपट दगडावर काळी मुंगी कशी दिसंल? सिमेंटचा कोबा करू म्हटलं, तर कोबा तडकला की फटीत पुन्हा मुंग्यांचं घर होणार. आण्णांच्या मनात मात्र पहिल्यापासून वेलबुट्टीची रंगीत फरशी बसली होती. बेळगावच्या एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात त्यांनी ती पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना स्वतःच्या घरात पाय टाकवत नव्हता.

शेवटी आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो. फरशीच्या कारखान्यातले मारुतीराव मोठ्या उत्साहानं एकेक नमुना मांडू लागले. लाल कमळं, हिरव्या वेली, पिवळ्या चांदण्या. आण्णा प्रत्येक नमुन्याला "वा!" म्हणत होते. आक्कानं पदराची गाठ सोडली. तिच्यात काळे तीळ होते आणि तांबडी नाचणी होती. तिनं चिमूट चिमूट प्रत्येक फरशीवर टाकली आणि चार हात मागं सरून निरखून पाहू लागली.

मारुतीराव गोंधळले. "आक्का, ही कसली पूजा म्हणायची?"

"पूजा न्हवं ओ. काळी मुंगी तिळागत, तांबडी नाचणीगत. ह्या कमळावर नाचणी दिसंना, आन्‌ ह्या वेलीवर तीळ दिसंना. दुसरी दावा."

कारखान्यातली माणसं हातातली कामं टाकून बघायला जमली. आण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र आक्काचा फार अभिमान वाटला. एवढा सरळ हिशेब तिथं दुसऱ्या कोणी केलाच नव्हता. शेवटी कोपऱ्यात पडलेली एक साधी पांढरी फरशी तिनं मागवली. तिच्यावर तीळही दिसला, नाचणीही दिसली.

"हीच."

"अगं, दवाखाना बांधतोय का काय आपण?" आण्णा म्हणाले.

"दवाखान्यात मान्सं वाचत्यात न्हवं? हितं मुंग्या वाचतील."

आण्णा हो म्हणाले. आक्का समाधानानं तीळ आणि नाचणी गोळा करून बाहेर जाऊन बसली, आणि तिथंच घात झाला. मारुतीरावांनी हळूच आणखी एक नमुना काढला. पांढरीच फरशी, पण तिच्यावर बारीक काळे ठिपके विखुरलेले. आण्णांचे डोळे चमकले.

मी म्हटलं, "आण्णा, आक्काला इचारा."

"गप रं. तिला पांढरी पायजे हुती, ही पांढरीच हाय की. जरा शोभा आली, एवढंच."

आक्का बाळंतपणाला आलेल्या भाचीसाठी सदलग्याला माहेरी गेली, त्या दिवसांत फरशी बसली. ती परत आली तेव्हा आण्णा नव्या घराच्या दारात हसत उभे होते. आक्कानं उंबऱ्यापाशी खाली पाहिलं आणि उचललेलं पाऊल तसंच मागं घेतलं.

"अगंबाई! केवढ्या मुंग्या ह्या!"

सगळे पोट धरून हसले. आक्का खाली बसली, एका ठिपक्यावर बोट टेकवलं, तो हलला नाही, आणि तिला सगळं कळलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती पिशवी उचलून मागच्या दारानं आत गेली.

मग त्या घरात जे सुरू झालं ते विचारू नका. ठिपके होते तसेच होते, आणि त्यांच्यात खऱ्या मुंग्याही यायच्याच. कुठला ठिपका आणि कुठली मुंगी, हे वाकून पाहिल्याशिवाय कळेना. आमची जैन माणसं, जोखीम कोण घेणार? पाहुणे सोप्यातून, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीतून, टाचांवर, चवड्यांवर, उड्या मारत जाऊ लागले. चिकोडीचे एक अडते दारातच सौदा आटोपून निघून गेले. हसणारे आण्णासुद्धा एक दिवस ठिपका चुकवून लंगडी घालताना मला सापडले.

थंडीत महाराज निपाणीत आले. आक्का म्हणाली, "मी दारात उभी ऱ्हाणार न्हाय. ह्या घरात म्हाराज पाय घालायचे न्हाईत." आण्णांनी लई विनवलं, तेव्हा कुठं ती तयार झाली. पहाटेपासून सोपा मऊ कुंच्यानं झाडून झाडून तिचे हात भरून आले. दोघं न्हाऊन, धुवट सोवळं नेसून, कलश घेऊन दारात उभी राहिली. पहिला घास आपल्या हातानं द्यायचा, हे आण्णांनीही मनाशी धरलं होतं.

महाराज आले, आणि आमच्याच दारी थांबले. प्रदक्षिणा झाल्या, "आत चलावं" म्हणून विनंती झाली. महाराज उंबऱ्यापर्यंत आले. नजर खाली. चौका, म्हणजे आहाराची सोवळ्यातली जागा, मागं स्वैपाकघरात, आणि मध्ये तो सगळा ठिपक्यांचा सोपा. महाराज उभे राहिले. आहाराला निघालेले मुनी बोलत नाहीत. महाराजांचं एक पाऊल मागं वळलं.

मी बाजूलाच उभा होतो, तेवढ्यात आण्णांनी कलश माझ्याजवळ दिला आणि ते जमिनीवर गुडघे टेकून बसले. अख्खा तंबाखू बाजार ज्यांना आण्णा म्हणतो ते आण्णा! फरशीजवळ तोंड नेऊन एकेक ठिपका निरखायचे, मग त्यावर अलगद बोट टेकवायचे. "ठिपका हाय, म्हाराज. ह्योबी ठिपकाच. थांबा, ही मुंगी हाय." ती मुंगी बाजूला जाईपर्यंत ते श्वास रोखून थांबले. असे गुडघ्यांवर रांगत रांगत ते सोप्यातून पुढं सरकले, आणि त्यांनी तपासलेल्या जागेवर पाऊल ठेवत महाराज मागून आले.

आहार झाला. पहिला घास आक्कानं दिला. आण्णांचं सोवळं जमिनीला लागून मोडलं होतं, त्यांना चौक्यात पाय ठेवता येईना. ते दाराबाहेर हात जोडून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझा राग तिथंच विरघळला.

महाराज गेल्यावर आण्णा म्हणाले, "उद्याच गुंडूला बोलावतो. सगळी उचकटून साधी पांढरी घालू."

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली.

"का गं?"

"मला मुंगी पयल्यापास्नंच दिसत हुती. आता तुमालाबी दिसाय लागलीया."

वखारीची वेळ झाली होती. टोपी घालून आण्णा सोप्यातून निघाले, मान खाली घालून, एकेक पाऊल बघून टाकत.