शंभर दिवसांच्या आत

तिला सगळे तारीखबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक रोग्याची हकीकत रजिस्ट्रीत, म्हणजे देशभरच्या नोंदवहीत, भरणाऱ्या डेटा मॅनेजर मुलींना ती बावीस वर्षं घडवत होती. कुणी 'साधारण मार्चमध्ये' असं लिहिलं, की अख्ख्या वर्गासमोर विचारायची, "तुझा जन्मही साधारणच झाला का गं?" मुली रडायच्या, आणि शिकायच्या.

तिचा आवडता धडा शंभर दिवसांचा. मूळपेशी दिल्यापासून शंभर दिवसांच्या आत रोगी गेला, तर तो मृत्यू प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राच्या माथी. त्यानंतर गेला, तर रकाना वेगळा. वर्षात चार जण आत गेले, की रजिस्ट्रीची तपासणी लागते आणि नवे रोगी घेणं बंद. हे डॉक्टरांनाही तिनेच फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

मग तिचा धाकटा भाऊ ती जिथे शिकवायची त्याच केंद्रात दाखल झाला. रक्ताचा कॅन्सर. पेशी तिच्याच जुळल्या, तिनेच दिल्या. आणि घ्या, त्याच पेशी त्याच्या अंगावर उलटल्या! कातडी सोलून निघाली, आतड्यांतून रक्त जायला लागलं, शेवटी घशात नळी आणि श्वासाला मशीन. आपलेच दात, आपलेच ओठ. नळी उपटू नये म्हणून दोन्ही हात कॉटच्या दांडीला बांधलेले. आता हा उठत नाही, हे वॉर्डातल्या डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

सत्त्याण्णवावा दिवस, गुरुवार. भावजयीने तिला जिन्यात गाठलं.

"ताई, बघवत नाही हो. नळी काढा म्हणून सही द्यायला मी तयार आहे, तर मोठे डॉक्टर म्हणतात सोमवारी बघू. सोमवारी काय वेगळं होणार आहे? तुम्ही आतलं माणूस, तुम्ही सांगा ना त्यांना."

सोमवार म्हणजे एकशे एकावा. हा हिशेब करायला तारीखबाईला बोटं लागली नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी खोलीचं दार लावून घेतलं. "यंदा तीन गेलेत आत. हा चौथा. बाहेर अकरा जण थांबलेत, त्यांना कुठे पाठवू? आणि बाई, हे मोजायला तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

रजिस्ट्रीच्या कार्यालयाला एक फोन करून हे कळवलं असतं तरी पुरे होतं. नंबर तिला तोंडपाठ होता. पण मग केंद्र अडकलं असतं, तिचा वर्ग गेला असता, बावीस वर्षांचं नाव गेलं असतं. त्या अकरा जणांचा विचार आला नाही असं नाही. पण आधी आला तो खुर्चीचा. आग लागो त्या खुर्चीला!

बाहेर येऊन ती म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबू. डॉक्टरांना अजून आशा आहे."

"आशा?" भावजयीचा चेहरा असा उजळला, की तारीखबाईने नजर फिरवली.

शनिवारी भावाने डोळे उघडले. बांधलेल्या हाताची बोटं त्याने नळीकडे वळवली. पुन्हा वळवली. काढ. लहानपणापासून त्याच्या खुणा तिला कळायच्या, हीही कळली. तिने त्याची चादर सारखी केली आणि वर्ग घ्यायला निघून गेली.

सोमवारी अकराला नळी काढली. वीस मिनिटांत आटोपलं. दुपारी फॉर्म भरताना नवी मुलगी बोलून गेली, "एकशे एक! थोडक्यात वाचलो आपण, मॅडम." मग कुणाचा फॉर्म आहे ते आठवून तिने जीभ चावली. तारीखबाईने फॉर्म तपासला. चूक एकही नव्हती.

आठवड्याने ती भावाच्या घरी गेली, तेव्हा भावजय उरलेली औषधं पिशवीत भरत होती.

"ताई, गुरुवारी मी त्यांना सांगणारच होते, जा आता, मुलांचं मी बघते. पण तुम्ही आशा आहे म्हणालात. मग चारही दिवस त्यांच्या कानाशी बसून एकच म्हणत राहिले, सोसा, थोडं अजून सोसा, ताईंनी सांगितलंय." तिने पिशवीला गाठ मारली. "आणि सोसलं हो त्यांनी. तुमचा शब्द कधी मोडला नाही."