लष्करी युतीचं नाव काढलं की आई फोन ठेवते

सुट्टी लागली की इथे आखातात, आमच्या अल् घुब्रातली अर्धी मराठी कुटुंबं दक्षिणेकडच्या सलालाची हिरवळ बघायला पळतात. मी वाळवंटापलीकडच्या दुक्म बंदराला गेलो. "सतीश एकटा असतो तिथे, जिवंत आहे का बघून तरी ये," असं बायको म्हणाली. सतीश तिचा धाकटा भाऊ, रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर.

जाणाऱ्यांनी वाटेतल्या सिनावला टाकी फुल्ल करावी आणि शंभर बैशांच्या नोटेत मिळणारा वेलचीवाला करक चहा प्यावा, कारण पुढे तासन्‌तास वाळूच. उंट रस्ता बापजाद्यांचा असल्यासारखे ओलांडतात. हॉर्न वाजवून आपलीच शोभा होते. दुक्मचा समुद्र देखणा आहे, पण बघायला कुणाला सवड नाही.

शुक्रवारी दुपारी रिफायनरीच्या कॅम्पमधल्या मेसमध्ये बिर्याणी होती. सतीशने ओळख करून दिली, "दाजी, हा मिहाय, रुमानियाचा. हा वासिले, शेजारच्या मोल्डोवाचा. भाषा एक, खोली एक, भांडणही रोज एकच."

दोन्ही देशांवर एकेकाळी लाल झेंडा. मग रुमानिया पाश्चात्त्यांच्या लष्करी युतीत गेला. "तेव्हापासून आमची माणसं जरा निवांत झोपतात," मिहाय म्हणाला.

"आमची माणसं युतीचं नाव ऐकूनच जागी होतात," वासिले म्हणाला. त्याचा देश घटनेनेच तटस्थ. त्याची आई नदीकाठच्या गावात एकटी राहते आणि पलीकडच्या काठावर रशियाचे सैनिक. इथलं कंत्राट संपलं की आईला कायमचं रुमानियातल्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं, म्हणून त्याने तिच्या रुमानियन पासपोर्टचा अर्ज भरून तिच्याकडे पाठवला होता. राहिली होती फक्त तिची सही.

"करत का नाही?" मी विचारलं.

"तिला वाटतं, तो पासपोर्ट घेतला की आपण युतीचे झालो. मग पलीकडचे पहिल्यांदा तिच्याच अंगणाकडे बघणार."

जेवणानंतर त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. डोक्याला रुमाल, मागे भोपळ्यांची रास. बरीच विनवणी झाली आणि म्हातारी थोडी नरमली. पेन कुठे ठेवलंय ते शोधायलासुद्धा लागली. तेवढ्यात तिला पडद्यावर मी दिसलो. तिने काहीतरी विचारलं. मिहायने इंग्रजीत सांगितलं, "तुमचा देश कुणाच्या युतीत आहे, विचारतेय."

शाळेत घोकलेलं नागरिकशास्त्र छाती काढून उभं राहिलं. "कुणाच्याच नाही!" मी म्हणालो.

मिहायने भाषांतर केलं नसतं तरी चाललं असतं, पण तो प्रामाणिक निघाला. म्हातारीचा चेहरा उजळला. ती भराभर बोलली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?"

"एवढा मोठा देश कुणाच्या आधाराशिवाय जगतो, तर मी का नाही?" वासिले म्हणाला. मग ताटातली हाडं एका कडेला नीट लावत बसला.

"खलास," सतीश मराठीत पुटपुटला. "दाजी, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

विचारलं होतं, हीच तर पंचाईत. आपल्या सीमांवर काय चाललंय, आपण शस्त्रं कुणाकुणाकडून घेतो, हे सांगायला मी परत फोन लावायला सांगितला. तिने उचलला नाही.

परतीच्या वाटेवर उंटही दिसला नाही. घरी बायकोने विचारलं, "सतीश बरा आहे ना?" म्हटलं, सतीश बरा आहे.

काल त्याचा मेसेज आला. वासिलेने कंत्राट एक वर्षाने वाढवलंय. आईने अर्ज चुलीत घातला. आणि गावात कुणी युतीचा विषय काढला, की ती ठणकावून सांगते: मी स्वतः एका भारतीय माणसाला विचारलंय.