छताची चुणी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले ते सीटकव्हरवाले काका तोंडात टाचण्या धरून काम करत, म्हणून बोलणं कमीच. शहर राजधानी झाल्यापासून नव्या गाड्या शोरूमकडे जात, त्यांच्याकडे जुन्याच येत. गाडीच्या आतल्या छताचं रेक्झिन ते आधी उन्हात तापवत, मग मधून कडांकडे ताणत नेत. एक चुणी राहिली तरी सबंध छत उखडून पुन्हा लावत.

बाबांच्या गाडीचं छत लावून झाल्यावर त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून मला विचारलं, "चुणी दिसून राहिली का?"

आजवर त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. काचेजवळ एक होती. ते थकलेले दिसले, म्हणून मी म्हणालो, "नाही, काका."

त्यांनी छतावरून तळहात फिरवला. तो काचेजवळच्या त्या चुणीवरच थांबला.

"मले आता नीट दिसत नाही, म्हणून तुले विचारलं."

मग त्यांनी टाचण्या डबीत भरल्या आणि चुणी तशीच राहू दिली.