बटण सोडल्यावरचा आवाज

बसस्थानकात तिला सगळे भोंगाताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. हयातभर तिने काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. टेबलावरच्या माइकचं बटण अंगठ्याने दाबायचं, गाडी सांगायची, बटण सोडायचं आणि मग तोंड वळवून त्या गाडीच्या ड्रायव्हरचा उद्धार करायचा. प्रवाशांना पहिला भाग ऐकू येई. दुसऱ्यासाठी बाकीचे ड्रायव्हर चहाचे कप घेऊन तिच्या खोलीत येऊन बसत.

आता मंगळवारी तिचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ होती. डॉक्टर म्हणाले, त्याआधी रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवा, फोनवर बोट ठेवलं की वाजतील. नमुन्यादाखल त्यांनी काही वाक्यंही दिली. ‘कृपया मला पाणी द्या’ हे वाचून नवरा इतका हसला, की त्यालाच पाणी द्यावं लागलं.

भाची पाखरांचे, ओढ्यांचे आवाज टिपण्याचं काम करायची. रविवारी ती तीन माइक घेऊन आली. भोंगाताईने ते स्थळं पाहावीत तसे पाहिले.

पहिला लांब, केसाळ. रानात दुरून पाखरू धरायला फक्कड, पण लहान खोलीत भिंतींवरून परतलेला आवाजही ओढून घेतो. माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. भोंगाताईने ते झिपरं उचलून सोफ्यावर ठेवलं. दुसरा जाडजूड, चकचकीत. याला सगळंच ऐकू येतं, भाची म्हणाली. फ्रिज, पंखा, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची.

“म्हणजे माझी नणंद,” भोंगाताई म्हणाली.

तिसरा मुठीएवढा, साधा. चार बोटांवरून बोललं तर छान ऐकतो, बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही.

“हे आमचे हे. हाच लाव. सवयीचा आहे.”

नवऱ्याने हरकत घेतली नाही. त्याने बहुधा ऐकलं नव्हतं.

माइक तोंडासमोर आला आणि जन्मात न थांबलेली बाई थांबली. तोंड उघडे, मिटे. अंगठा टेबलावर काहीतरी चाचपत होता. भाचीच्या ध्यानात आलं. या माइकला दाबायला बटण नव्हतं.

नवरा स्थानकात जाऊन मोडीत निघालेला जुना माइक मागून घेऊन आला. वायर तुटलेली. तो हातात घेऊन तिने मुकं बटण दाबलं आणि वाक्यं धडाधड सुटली. पण सुटली ती फाटक्या कर्ण्यातून पार व्हायला शिकलेली, शब्दाशब्दाला ताणलेली, प्रत्येक दोनदा. भूक लागल्याचं तिने असं सांगितलं, की जणू भूक फलाट तीनवर येऊन उभी आहे.

मग बटण सुटलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि डॉक्टर, त्यांची वाक्यं आणि नवऱ्याचा शर्ट या तिघांना एका दमात झोडपलं. भाचीने हेडफोन कानांवर दाबले. खरी मावशी तिथे होती, पण शेजारच्या घरातून बोलत असल्यासारखी. बटण सुटलं की ती कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे, कधी उठूनच उभी राही. चार बोटांचा माइक तिच्यामागे कुठे कुठे धावणार?

“मावशी, माइक बदलू या. मला बटण सोडल्यावरची तू हवीस.”

“ते कोणी भरून ठेवतं का? लोक काय म्हणतील?”

नवऱ्याने शर्ट खाली ओढून नीट केला. “लोकांचं काय घेऊन बसलीस,” तो म्हणाला. “मला घरात फलाटावरची बाई नको.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, “नणंदेला बोलवा.”

नणंद आली म्हणजे सरबराई आली. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. गाद्या भिंतींना उभ्या केल्या. नवऱ्याला मोजे घालून कोपऱ्यात बसवलं आणि श्वास बेताने घ्यायला सांगितलं. भोंगाताई बटण दाबून एखादी गाडी पुकारी, बटण सोडी आणि सुरू होई. गाडी भाची कापून टाकी. अंधार पडेपर्यंत नवऱ्याच्या खोडी संपल्या नाहीत. घसा आधी संपला.

ऑपरेशन ठीक झालं. काही दिवसांनी नवरा तिच्या पलंगाशी बसून चहा पीत होता. तिच्या नाकात नळी, गळ्याला पट्ट्या, तोंडाने थेंबही घ्यायला मनाई. तिने फोन उचलला. बराच वेळ बोट फिरवलं. तो कप हातात धरून थांबला.

“चहा पिताय, का मोरी तुंबलीय?”

“गरम आहे,” तो म्हणाला.

याचं उत्तर भरलेलं नव्हतं. तिने आवाज पार वर नेला आणि तेच पुन्हा लावलं.

पडद्यापलीकडून नर्सने दरडावलं. भेटायला आलेल्या बाईंनी आधी बाहेर व्हावं, पेशंटला त्रास होतोय.

भोंगाताई हसली. आवाज काहीच आला नाही. पलंग मात्र गदगदा हलला, आणि नवऱ्याचा चहा शर्टावर सांडला.